काकोडकरांची ‘श्यामा’ आणि वाचकाचा विवेक

मराठी वाङ्मयाच्या इतिहासग्रंथांत चंद्रकांत काकोडकर यांच्या वाट्याला फारशी जागा आलेली नाही. समीक्षकांनी त्यांना ‘लोकप्रिय कादंबरीकार’ या कप्प्यात घातले आणि कप्प्याचे दार लावून घेतले. कायद्याच्या ग्रंथांत मात्र हे नाव आजही ठळकपणे वाचावयास मिळते. ‘चंद्रकांत कल्याणदास काकोडकर विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा सर्वोच्च न्यायालयाचा १९६९ सालचा निर्णय अश्लीलतेच्या प्रश्नावर नेहमी उद्धृत केला जातो. साहित्याने ज्याची उपेक्षा केली त्याची दखल न्यायशास्त्राने घ्यावी, हा योग चमत्कारिक आहे खरा. परंतु ज्यांच्या घरांत तरुण मुलेमुली वाचतात अशा प्रत्येक आईबापाला या योगाकडून शिकण्यासारखे काही आहे, असे आम्हांस वाटते.

मराठी प्रेमकादंबरीला मध्यमवर्गीय घराच्या दिवाणखान्यात प्रतिष्ठेने बसविले ते प्रा. ना. सी. फडके यांनी. ‘कुलाब्याची दांडी’ १९२५ साली आली, ‘जादूगार’ १९२८ साली आणि ‘दौलत’ १९२९ साली. टेनिस खेळणारा नायक, सुशिक्षित नायिका, नीटनेटके संवाद, उत्कंठा वाढवीत नेणारे कथानक आणि मधाळ भाषा, हा त्यांचा साचा दोन पिढ्यांनी डोक्यावर घेतला. ते तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. कादंबरीच्या तंत्रावर त्यांनी ग्रंथही लिहिला. १९४० साली रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले आणि १९६२ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. हे १९६२ साल वाचकांनी ध्यानात ठेवावे. प्रेमकथेच्या एका लेखकाच्या गळ्यात ज्या वर्षी राष्ट्राचे पदक पडले, त्याच वर्षीच्या एका प्रेमकथेपायी दुसऱ्या लेखकाला न्यायालयाची पायरी चढावी लागली.

काकोडकरांचा वाचक फडक्यांच्या वाचकाहून निराळा होता. तो पुस्तक विकत घेऊन कपाटात लावणारा नव्हता. आठ-चार आणे भाड्याने पुस्तक आणणारा, ते रात्रीत संपवून सकाळी परत करणारा, गाडीच्या प्रवासात शेजाऱ्याकडून मागून घेणारा असा तो वाचक होता. आमच्या देवळाली कॅम्पसारख्या गावाला अशा वाचनाचे महत्त्व सांगावयास नको. १८६१ पासून ही लष्करी छावणी. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत गोरे शिपाई येथे महिनोन्‌महिने पडून राहत आणि त्या कंटाळ्याने त्यांचे डोके फिरे, म्हणून देवळालीचे नाव इंग्रजी बोलीत वेडेपणाचा शब्द होऊन बसले. पुढे कोरड्या हवेसाठी येथे सॅनिटोरियमे उभी राहिली. वाट पाहणारा शिपाई, हवापालटाला आलेला रोगी, नवरा सरहद्दीवर असलेली घरची बाई, या सर्वांना लांबच लांब दुपारी असतात. आणि लांब दुपारीचा सोबती बहुधा एखादी कादंबरीच असते. त्या कादंबरीला हसणे सोपे असते. ती ज्या एकटेपणात वाचली जाते त्याची जाणीव ठेवणे तितके सोपे नसते.

आता खटल्याकडे वळू. १९०९ साली का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ मासिकाने दिवाळी अंकाची प्रथा घातली आणि ती मराठी माणसाच्या फराळाइतकीच अंगवळणी पडली. १९६२ ची दिवाळी आली ती चीनच्या आक्रमणाच्या छायेत. त्या दिवाळीला ‘रंभा’ मासिकाच्या अंकात काकोडकरांची ‘श्यामा’ प्रसिद्ध झाली. निशिकांत नावाचा कवी आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या स्त्रिया, असा तिचा विषय. समाजाच्या नीतीची काळजी वाहणाऱ्या एका नागरिकाने भारतीय दंड संहितेच्या कलम २९२ खाली फिर्याद केली. मुद्रक-प्रकाशक, लेखक आणि विक्रेता असे तिघे आरोपी झाले. मॅजिस्ट्रेटांना लेखन अश्लील वाटले नाही. त्यांनी आरोपींना निर्दोष सोडले. त्यावर उच्च न्यायालयात अपील झाले. तेथे निकाल फिरला आणि प्रकाशक व लेखक दोषी ठरले. दंड प्रत्येकी २५ रुपये, न भरल्यास एक आठवडा साधी कैद, आणि आरोपींच्या ताब्यात असलेल्या त्या अंकाच्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम.

२५ रुपयांसाठी कोणी दिल्लीपर्यंत जात नाही. काकोडकर गेले ते लेखणीवरचा डाग पुसण्यासाठी, असेच आम्ही समजतो.

न्यायालये त्या काळी ज्या मापाने अश्लीलता मोजीत, त्या मापाचा इतिहास आपल्या वाचकांनी अवश्य जाणून घ्यावा. हे माप १८६८ सालच्या इंग्लंडातील हिक्लिन खटल्याचे. ज्यांचे मन अशा अनिष्ट प्रभावाला वश होऊ शकते, त्यांना बिघडविण्याची प्रवृत्ती लेखनात आहे काय, असा प्रश्न विचारावा, असे ते माप सांगे. पण खटला होता कशावर? एका प्रेमकथेवर नव्हे, तर कॅथॉलिक धर्मगुरूंच्या पापनिवेदनाच्या संस्काराची निंदा करणाऱ्या पत्रकावर! कॅथॉलिकांचा कट्टर विरोधक असलेला एक गृहस्थ ते वाटीत असे. आपला हेतू शुद्ध असल्याचे त्याने सांगितले. न्यायालयाने ते ऐकले नाही. तेव्हा आपल्या संस्काराविरुद्धच्या लेखनाला अडविताना जी मोजपट्टी तयार झाली, तीच समुद्र ओलांडून भारतात आली. १९६४ साली रणजित उदेशी या मुंबईच्या पुस्तकविक्रेत्याच्या प्रकरणात, ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ या डी. एच. लॉरेन्सच्या कादंबरीवर सर्वोच्च न्यायालयाने तिच्याच आधारे निर्णय दिला आणि विक्रेत्याची शिक्षा कायम केली. या मापातील अडचण उघड आहे. सर्वांत दुबळ्या वाचकाला प्रमाण मानले, तर सबळ वाचकालाही त्याच्याच ताटात जेवावे लागते.

२५ ऑगस्ट १९६९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने काकोडकरांचे अपील मान्य केले. न्यायमूर्ती जगनमोहन रेड्डी यांनी लिहिलेल्या त्या निर्णयातील तीन मुद्दे आमच्या मते मोलाचे आहेत. पहिला असा की, अश्लीलतेची कल्पना देशादेशांत आणि काळाकाळात निराळी असते. समकालीन समाजाची नीतिकल्पना पाहूनच तिचा विचार करावा लागतो. दुसरा असा की, एखादा सुटा उतारा किंवा एखादा सुटा वाचक पाहून भागत नाही. कथा समग्र वाचावी आणि ज्या वर्गाच्या हाती ती पडते त्या वर्गाचा विचार करावा. तिसरा मुद्दा किशोरवयीन वाचकांचा. स्त्रीपुरुष संबंधांचा नुसता उल्लेख आला म्हणून कादंबरी मुलांना अयोग्य ठरू लागली, तर मुलांना कोणतीच कादंबरी वाचता येणार नाही आणि त्यांना केवळ धार्मिक पुस्तकेच वाचावी लागतील, असे न्यायालयाने म्हटले.

लेखक सुटला. पण त्याच निर्णयात न्यायमूर्तींनी कथेच्या गुणवत्तेविषयीही मत नोंदविले आहे. कथा उच्च वाङ्मयीन दर्जाची नसेल, लेखकाची अपरिपक्वता तिच्यात दिसत असेल, त्याच त्या मांडणीच्या पुनरावृत्तीने ती नीरस झाली असेल. तरीही ती अश्लील नव्हे, असा त्याचा आशय. गुन्ह्यातून मुक्तता आणि गुणांत नापास, असा हा दुहेरी निकाल होय. लेखकाच्या मनाला तो किती लागला असेल याची कल्पनाच केलेली बरी. पण त्यातील भेद फार महत्त्वाचा आहे. सामान्य लेखन हा गुन्हा नव्हे, आणि गुन्हा नसलेले सर्व लेखन चांगलेच असते असेही नव्हे.

त्याच १९६९ साली संसदेने कलम २९२ मध्ये दुरुस्ती केली. शिक्षा वाढविली, पण विज्ञान, साहित्य, कला यांच्या हितासाठी असलेल्या प्रकाशनाला स्पष्ट संरक्षणही दिले. पुढे २०१४ साली अवीक सरकार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हिक्लिनचे माप बाजूस सारले. आता दंड संहिताच गेली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हा विषय कलम २९४ मध्ये येतो.

आणि त्याच १९६९ साली आणखी एक घटना घडली. काकोडकरांच्या ‘नीलांबरी’ या कादंबरीवरून राज खोसला यांनी काढलेला ‘दो रास्ते’ हा हिंदी चित्रपट पडद्यावर आला आणि तुफान चालला. धाकट्या सावत्र भावांसाठी झिजणारा थोरला भाऊ आणि श्रीमंत घरच्या सुनेच्या पावलांनी दुभंगणारे कुटुंब, हा त्याचा विषय. उत्कृष्ट कथेचे फिल्मफेअर पारितोषिक काकोडकरांना याच चित्रपटासाठी मिळाले. १९७८ साली त्यांच्याच ‘अशी तुझी प्रीत’वरून खोसलांनी ‘मैं तुलसी तेरे आँगन की’ काढला. त्यात नूतनने रंगविलेली पत्नी नवऱ्याच्या प्रेयसीच्या मुलाला आपल्या घरात आणते आणि त्याला हक्काची जागा देते. ज्या लेखकाला समाजाची नीती बिघडविल्याबद्दल दंड झाला होता, त्याच्याच कथा पाहून लाखो कुटुंबांनी त्याग आणि क्षमा यांपायी डोळे पुसले. एका दिवाळी अंकातील एका कथेवरून लेखकाचा न्याय करणे किती घाईचे असते, हे यावरून कळून येईल.

येथे आपल्या स्वतःच्या घराकडेही पाहिले पाहिजे. पवित्र ख्रिस्तसभेपाशी चार शतके निषिद्ध ग्रंथांची सूची होती. १५५९ साली रोममधून ती प्रथम निघाली. एकोणिसाव्या शतकात बाल्झाक, स्तांदाल, पितापुत्र द्युमा यांच्या नावांपुढे तिच्यात एकच छोटा लॅटिन शेरा आढळतो : ‘ओम्नेस फाबुलाए आमातोरिआए’, म्हणजे ‘सर्व प्रेमकथा’. एकेक पुस्तक उघडून पाहण्याची गरजच उरली नाही! त्या शेऱ्यामागे मेंढपाळाची काळजी होती, हे आम्ही नाकारीत नाही. तथापि काळजी ठोक भावाने वाटता येत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६६ साली, ख्रिस्तसभेने या सूचीची कायदेशीर सक्ती रद्द केली. मात्र सूची गेली तरी तिच्यामागील नैतिक जबाबदारी कायम आहे, असे त्या वेळी बजाविण्यात आले. ती जबाबदारी आता कचेरीतून उठून वाचकाच्या सदसद्‌विवेकबुद्धीकडे आली. ‘श्यामा’ प्रसिद्ध झाली तेव्हा सूची अस्तित्वात होती; ‘श्यामा’ सुटली तेव्हा ती नव्हती. धर्म आणि कायदा या दोघांनीही त्या सात वर्षांत बहुतांशी सारखीच वाट चालली.

मुलांना केवळ धार्मिक पुस्तके वाचावी लागतील, असे न्यायमूर्ती म्हणाले, त्यात किंचित उपहास असावा. पण धार्मिक पुस्तकांत तरी प्रेमाचा विषय टळतो काय? पवित्र शास्त्रात ‘गीतरत्न’ आहे, आणि दावीद राजाच्या मोहाची कथाही कोणी लपविलेली नाही. आविलाची संत तेरेझा हिने आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे की, तिच्या आईला शूरवीरांच्या प्रेमसाहसकथांचे वेड होते, वडिलांना ते खपत नसे, म्हणून मायलेकी त्यांच्या नजरेआड वाचीत. नवे पुस्तक हाती नसले की तेरेझाला चैन पडत नसे. ख्रिस्तसभेची महान आचार्या अशा घरातून आली.

संत इग्नेशियस यांची कथा तर याहून बोलकी आहे. १५२१ साली पांप्लोनाच्या लढाईत पाय मोडून ते लोयोलाच्या घरी खाटेवर पडले होते. करमणुकीसाठी त्यांनी असल्याच कथा मागितल्या. घरात त्या नव्हत्या. ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे तेवढी होती. ती वाचता वाचता मध्येच ते एका थोर स्त्रीच्या स्वप्नात तासन्‌तास रमत. हळूहळू त्यांच्या ध्यानी आले की, दोन्ही विचार चालू असताना गोडच लागतात. फरक पडतो तो ते सरल्यावर. एकाच्या मागे मन कोरडे राहते, दुसऱ्याच्या मागे तृप्त.

विवेकाची ही कसोटी हिक्लिनच्या मापाहून अधिक खोल आहे. पुस्तक मिटल्यावर मागे काय उरले, हे कोणतेही न्यायालय पाहू शकत नाही. ते फक्त वाचकालाच दिसते. सर्वोच्च न्यायालयाला ‘श्यामा’ त्याच त्या साच्यामुळे नीरस वाटली. हा नीरसपणा म्हणजेच तो कोरडेपणा नव्हे काय? त्याला पोलीस नको, दंडही नको. त्याला हवा असतो स्वतःला प्रश्न विचारण्याची सवय लागलेला वाचक, आणि शेजारी ठेवलेले दुसरे, अधिक सकस पुस्तक.

आमच्या धर्मग्रामातील पालक आम्हांस विचारतात, मुलीने अमुक कादंबरी वाचावी की नाही? पुस्तकाची जागा आता हातातल्या मोबाईलने घेतली आहे, तरी प्रश्न तोच आहे. आम्ही त्यांस एवढेच सांगतो की, पुस्तक हिसकावून घेऊ नका. ते स्वतः वाचा, आणि मग तिला विचारा, ‘वाचून झाल्यावर तुला कसे वाटले?’ त्या प्रश्नाने घरात बोलणे सुरू होते. बंदीने तेच बंद पडते आणि पुस्तक उशीखाली जाते.

काकोडकरांच्या कादंबऱ्या आज जुन्या वाचनालयांच्या मागच्या फळीवर किंवा रद्दीच्या दुकानात सापडतात. त्यांतील एखादी हाती आली, तर ‘अशी तुझी प्रीत’ आधी वाचावी आणि ‘श्यामा’ मागाहून. दोन्ही वाचून झाल्यावर मनात काय उरते ते ज्याने त्याने पाहावे. त्या निकालावर अपील नाही.