‘सांगायला लागलं का?’

लहान मूल असलेल्या घरी गेलं की बायका ठरावीक प्रश्न विचारतात. दात आले का, पाऊल टाकतं का, आणि मग हळूच, ‘सांगायला लागलं का?’ काय सांगायला, हे कुणी विचारत नाही.

गेल्या वर्षी आमच्या घरात या प्रश्नावरून भांडण झालं. नातू सव्वादोन वर्षांचा. बालवाडीच्या प्रवेशअर्जावर ‘डायपर सुटलेला असावा’ अशी अट होती. लेक हवालदिल. माझी एक्याऐंशी वर्षांची आई म्हणाली, ‘‘यात काय एवढं? तुझ्या आईला मी अकराव्या महिन्यात कोरडं केलं होतं.’’ लेक म्हणाली, ‘‘आजी, त्याला अजून कळतच नाही गं.’’ मी गप्प होते. 1996 साली, याच लेकीला, ती दोन वर्षांची असताना, पाहुण्यांसाठी घातलेली गादी भिजवली म्हणून मी फाडकन मारलं होतं. तिला ते आठवत नाही. मला आठवतं.

माझा अभ्यासविषय घरगुती हिशेबाच्या वह्या. वैद्यकाशी माझा संबंध नाही, पदवीशीही फारसा नाही. पण त्या भांडणानंतर मी जुन्या वैद्यकीय नियतकालिकांत शिरले आणि वर्षभर तिथेच राहिले. मूल ‘तयार’ कधी होतं, हा प्रश्न अमेरिकेत शंभर वर्षं सरकार, डॉक्टर आणि कारखानदार या सगळ्यांनी हाताळला आहे. तिथली कागदपत्रं भरपूर, म्हणून तिथूनच सुरुवात केली.

अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या बालक विभागानं 1914 साली ‘इन्फन्ट केअर’ ही पुस्तिका काढली. तिच्या आवृत्त्या पुढे अनेक दशकं निघत राहिल्या. सुरुवातीच्या आवृत्त्यांचा भर घड्याळावर: बाळाची शीची वेळ हेरा आणि रोज त्याच वेळी त्याला धरा. 1930च्या आसपास हा सल्ला आणखी कडक झाला. जवळजवळ कुठल्याही बाळाला सहा ते आठ महिन्यांपर्यंत वळण लावता येतं आणि मग घाण लंगोट धुवावे लागत नाहीत, असं आश्वासन त्यात आहे. वेळेवर शी व्हावी म्हणून साबणाची कांडी वापरण्याचा सल्लाही त्या काळात दिला जाई. वॉटसन या मानसशास्त्रज्ञाचं मुलांना कठोर शिस्तीत वाढवा म्हणणारं पुस्तक 1928चं. इतिहासकार हा कडकपणा त्याच्या खात्यावर मांडतात. मला मात्र ते लंगोट धुण्याचं वाक्य जास्त बोलकं वाटतं. ज्या बाईनं पावसाळ्यात दुपटी वाळवली आहेत, तिला हे वळण कशासाठी लावायचं ते सिद्धांताशिवाय कळतं.

मग 1940 साली मर्टल मॅकग्रॉ यांचा लेख आला. त्यांनी न्यूयॉर्कमध्ये एकसारख्या जुळ्या भावंडांवर प्रयोग केला होता. जोडीतल्या एकाला अगदी तान्हेपणापासून दिवसभर ठरावीक वेळानं भांड्यावर बसवलं. दुसऱ्याला बराच काळ तसंच सोडलं. दोघांना लघवीवर ताबा आला तो जवळपास एकाच वयात. मज्जासंस्था पिकेपर्यंत बसवण्याचा उपयोग होत नाही, हा त्यांचा निष्कर्ष. तो लेख मी रात्री वाचला. माझ्या हातून गादीवरची ती चापट बसली त्याच्या छप्पन्न वर्षं आधीचा.

त्यानंतर वारं फिरलं. 1951च्या ‘इन्फन्ट केअर’मध्ये दीड-दोन वर्षांपर्यंत पुष्कळ मुलं तयार नसतात, असा सूर आहे. एकाच पुस्तिकेनं वीस वर्षांत आठ महिन्यांवरून दोन वर्षांवर यावं! मधल्या काळातल्या आयांची कुणी माफी मागितल्याचं दिसत नाही.

1962 साली टी. बेरी ब्रेझल्टन या बालरोगतज्ज्ञानं आपल्या दवाखान्यातल्या 1170 मुलांच्या नोंदी छापल्या. अठरा महिन्यांच्या सुमारास सुरुवात, जबरदस्ती नाही, मूल नको म्हणालं की थांबायचं. दिवसा कोरडं राहण्याचं सरासरी वय 28.5 महिने निघालं. तयारी ओळखायची मुलाच्या खुणांवरून: नीट चालतं का, स्थिर बसतं का, सांगितलेलं समजतं का, मोठ्यांचं अनुकरण करावंसं वाटतं का. आज डॉक्टर जी यादी सांगतात तिचं मूळ इथे आहे. 1974मध्ये अझ्रिन आणि फॉक्स यांनी एका दिवसात वळण लावण्याचं पुस्तक काढून उलट टोक गाठलं. ते खूप खपलं, पण डॉक्टरांनी मुख्यतः ब्रेझल्टनचीच वाट धरली.

याच सुमारास, 1961मध्ये, पॅम्पर्स बाजारात आलं होतं. 1998 साली त्याच कंपनीनं आणखी मोठ्या मुलांसाठी मोठं माप आणलं, आणि जाहिरातीत स्वतः ब्रेझल्टन होते. त्यावरून अमेरिकेत बराच वाद झाला. त्यांचं मत आधीचं आणि जाहिरात नंतरची, तेव्हा त्यांनी मत विकलं असं मी म्हणणार नाही. पण धुण्याचा त्रास गेला तेव्हाच घाईही गेली, एवढं तर दिसतंच.

इथवर माझी लेक जिंकत होती. मग डीव्हरीज यांचा 1977चा लेख सापडला. केनियाच्या किनाऱ्यावरच्या डिगो लोकांत आई दोन-तीन आठवड्यांच्या बाळाला आपल्या पसरलेल्या पायांवर धरते आणि ‘शूऽऽ’ असा आवाज काढते. चार-सहा महिन्यांत बाळ त्या आवाजावर मोकळं होतं, रात्रंदिवस बरंचसं कोरडं राहतं. मी उठून आईला तो उतारा मराठीत सांगितला. ती म्हणाली, ‘‘अगं, मग मी काय करत होते?’’ आमच्याकडेही बाळाला पायांवर घेऊन हाच आवाज काढायचा.

मग मॅकग्रॉ चुकल्या का? मला वाटतं, दोघं वेगळ्या गोष्टी मोजत होत्या. मॅकग्रॉ एकट्या मुलाचा ताबा मोजत होत्या. डिगो आई आणि माझी आई यांच्या हिशेबात मूल एकटं नाहीच. त्याच्या चुळबुळीवर दिवसभर लक्ष ठेवणारी एक बाई त्यात धरलेली आहे. अकराव्या महिन्यात मी कोरडी होते ती आई घरात, चाहूल लागेल इतक्या जवळ होती म्हणून. माझी लेक साडेनऊला घराबाहेर पडते. आणि मी 1996 साली नोकरीवरून येऊन, आईची चाहूल नसताना, आईचा निकाल मागत होते.

बालवाडीनं अट सोडली नाही. प्रवेश पुढच्या वर्षावर गेला.

दरम्यान माझं लक्ष नातवाच्या क्रियापदांकडे लागलं. उन्हाळाभर तो ओल्या चड्डीनं येऊन ‘शू झाली’ म्हणायचा. लेक वैतागायची, आई म्हणायची, ‘‘सांगितलं ना त्यानं?’’ गणपतीच्या सुमारास तो खेळता खेळता थिजून ‘शू होते’ म्हणायला लागला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी भाजी निवडत होते. तो धावत आला, मोरीकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, ‘‘शू आली.’’ मी हातातली जुडी टाकून उठले. तीन पावलं उशीर झाला. फरशी पुसून झाल्यावर मी लेकीला फोन लावला, आणि आधी त्या गादीची गोष्ट सांगितली.