मनुष्यचिकित्सा आणि पशुचिकित्सा: कर्जत-खालापुराच्या अनुषंगानें

माणसाचा वैद्य निराळा आणि जनावराचा निराळा, ही व्यवस्था आज इतकी रूढ झाली आहे कीं, रोगही तशीच वांटणी करून येतात असा भास व्हावा. वस्तुतः कित्येक रोगांचें मूळ जनावरांत असून फळ माणसांस भोगावें लागतें. अशा रोगांचा इतिहास एकाच बाजूचे कागद पाहून लिहिला तर तो अर्धाच राहतो, असें आमचें मत आहे. कर्जत व खालापूर हे दोन तालुके नजरेसमोर ठेवून त्याचा येथें विचार करूं.

हा मुलूख घाटाखालचा. बोरघाटाची वाट देशावरून खोपोलीस उतरते. तेथें नाना फडणिसांनीं बांधलेला तलाव व महादेवाचें देऊळ आहे. आगगाडी १८५६ त खोपोलीपर्यंत आली. पण १८६३ त घाटाचा मार्ग पुरा होईपर्यंत चढउतार बैल, तट्टू, गाड्या व पालख्या यांवरच होई. कर्जत तालुक्यांतील माथेरानाकडे ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांचें लक्ष १८५० त गेलें, आणि मोटारींस मज्जाव असल्यामुळें तेथें घोड्याचें महत्त्व अद्याप टिकून आहे. खालीं भाताच्या खाचरांत माणूस व बैल एकाच पाण्यांत उभे असतात. सहवास एवढा निकट, तेथें रोगाचा संबंध तुटक कसा असेल?

आमच्या प्राचीन ग्रंथकारांस हा संबंध अपरिचित नव्हता. ग्रंथ निराळे, परंतु त्यांचें कुळ एक मानलें जाई. अग्निपुराणांत धन्वंतरि सुश्रुतास मनुष्यांचा आयुर्वेद सांगतो, त्याच सुश्रुतास शालिहोत्र अश्वांचा सांगतो आणि पालकाप्य अंगराजास गजांचा सांगतो. पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद पुण्याच्या आनंदाश्रमानें १८९४ त छापून काढला, हें संग्राहकांस विदित आहेच. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानांतील सातव्या अध्यायांत मूषकविष व पिसाळलेल्या श्वापदांचा दंश हे विषय एकत्र आले असून, दष्ट मनुष्यास पाण्याचें भय उत्पन्न होणें हें मरणाचें लक्षण सांगितलें आहे. मूषकविष म्हणजे अमुक एक अर्वाचीन रोग, असें समीकरण मात्र कोणीं मांडूं नये. तितका आधार ग्रंथांत नाहीं.

शिलालेखांची साक्ष याहून स्पष्ट आहे. अशोकाच्या दुसऱ्या शिलाशासनांत मनुष्यांची व पशूंची अशा दोन चिकित्सांची सोय केल्याचें एकाच वाक्यांत सांगितलें आहे. आपल्या उत्तर कोंकणांत सोपाऱ्यास भगवानलाल इंद्रजी यांस १८८२ त आठव्या शासनाचा तुकडा मिळाला, व पुढें १९५६ त नवव्याचा मिळाला. यावरून तेथें सर्व चौदा शासनें कोरलीं असावींत असा तर्क होतो. तो खरा असल्यास या दोन चिकित्सांची घोषणा आमच्या किनाऱ्यावरही झाली होती. पण तर्क तो तर्कच.

आतां अर्वाचीन काळाकडे वळूं. १८९६ त मुंबईच्या मांडवी भागांत प्लेग प्रकटला. माणसांआधीं उंदीर मरतात हें लोकांच्या डोळ्यांसमोर होतें, तथापि त्याची शास्त्रीय संगति लागण्यास वेळ लागला. १८९८ त कराचीस सिमाँ यांनीं उंदरावरील पिसवांकडे बोट दाखविलें. १९०५ त लिस्टन यांनीं मुंबईच्या अनुभवावरून तेंच प्रतिपादिलें, आणि तेंही नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत. मनुष्यरोगाची किल्ली प्राणिशास्त्राच्या पानांत सांपडावी, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

१८९९ त ग्लँडर्स व फार्सी यांचा कायदा झाला. या रोगांत घोड्याच्या नाकांतून स्राव वाहतो, अंगावर गांठी येतात, आणि तो मोतद्दारासही जडूं शकतो. कायद्यानें रोगी घोडा मारण्याचा अधिकार दिला. २००९ च्या पशुरोगविषयक कायद्यानें त्याची जागा घेतली. परंतु घोड्याचा रोग एका खात्याकडे आणि मोतद्दाराचा ताप दुसऱ्या खात्याकडे, ही फाळणी कायम राहिली. माथेरानासारख्या ठिकाणीं ती किती अपुरी पडेल हें सांगणें नको.

हीच गोष्ट श्वानदंशाची. जखम साबण व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवून लस टोंचणें हें मनुष्यवैद्याचें काम. गांवांतील शेंकडा सत्तर कुत्र्यांस लस देऊन रोगाची सांखळी तोडणें हें पशुवैद्याचें. पहिलें केल्यानें एक माणूस वांचतो, दुसरें केल्यानें गांव निर्भय होतो. लेप्टोस्पायरोसिसचे जंतु उंदरांच्या व गुरांच्या मूत्रांतून पाण्यांत उतरतात आणि अनवाणी शेतकऱ्याच्या पायाच्या भेगेंतून शरीरांत शिरतात. तेथें गोठा व रुग्णालय यांनीं एकमेकांस निरोप धाडलाच पाहिजे.

निरोप वेळेवर वाचला तर काय होतें, याचें उदाहरण १९५७ चें आहे. शिमोगा जिल्ह्यांतील क्यासनूरच्या रानांत माकडें मरूं लागलीं, तेव्हां पुण्याच्या विषाणु-संशोधन केंद्रानें माकडें, गोचिडी व माणसें यांचा एकत्र तपास करून नवा विषाणु ओळखला. २०१६ त हाच रोग सिंधुदुर्गांत शिरला. २०२२ त नागपुरास मनुष्य, पशु व परिसर यांच्या आरोग्याचा एकत्र विचार करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची कोनशिला बसली. जुन्या तत्त्वास नवें घर मिळूं लागलें, असें आम्ही समजतों.

या कामीं आमच्या वाचकांचाही वांटा आहे. वैद्यकाचें जुनें बाड हातीं आलें कीं माणसांच्या औषधांचीं पानें जपून ठेवावयाचीं आणि गुरांच्या औषधांचीं किरकोळ म्हणून बाजूस सारावयाचीं, असें होऊं नये. मोडी पत्रांत ‘गुरें मेलीं’, ‘तट्टें पडलीं’ अशी एखादी ओळ आढळल्यास तिची मिति व गांव टिपून ठेवावें, आणि त्याच सालीं तेथें माणसांत सांथ होती काय हें ताडून पाहावें. दोन्ही चिकित्सांचे कागद एकाच बस्त्यांत बांधले गेले, तर घाटाखालच्या एखाद्या ठाकुरवाडींत उद्यां पहिलें जनावर पडेल तेव्हां तो इशारा ओळखणारा कोणी तरी असेल.