सणपूजेतील रंग : द्रव्य, वार आणि नवरात्र

महाराष्ट्रातील सणांच्या पूजेत प्रत्येक रंगाला ठराविक अर्थ आहे, ही समजूत सार्वत्रिक आहे. तांबडा म्हणजे सौभाग्य, पांढरा म्हणजे शांती, हिरवा म्हणजे सुबत्ता, अशी समीकरणे सांगितली जातात. आणि अलीकडे नवरात्रातील नऊ रंगांनाही अशीच अर्थमालिका जोडली जाते. प्रस्तुत लेखात या समजुतीची ऐतिहासिक पारख करावयाची आहे. त्यासाठी फार दूर जावे लागत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या परिसरातच, सातारा, पैठण, देवगिरी आणि कर्णपुरा या स्थळी, पुरेशी सामग्री उपलब्ध आहे.

पूजेच्या ताटातील रंग हा प्रथम द्रव्याचा गुण असतो. हळद पिवळी आहे, अक्षता पांढऱ्या आहेत, दूर्वा हिरव्या आहेत. हळदीवर टाकणखार व लिंबाचा रस यांचा संस्कार केला की ती तांबडी होते आणि कुंकू सिद्ध होते. म्हणजे हळद आणि कुंकू ही जोडी वस्तुतः एकाच द्रव्याच्या दोन अवस्था होत. मारुतीला वाहिला जाणारा शेंदूर दिसावयास कुंकवाच्या जवळचा. परंतु तो शिशापासून होतो, तेलात कालवून मूर्तीवर चढविला जातो आणि त्याचे क्षेत्रही निराळे आहे. खुलताबादच्या भद्रा मारुतीस शेंदूर शोभतो. म्हणून तो हळदीकुंकवाच्या करंड्यात जात नाही. रंग जवळजवळ तोच असूनही व्यवहार बदलतो, याचे हे उदाहरण होय.

याच दृष्टीने शहराच्या दक्षिणेकडील सातारा येथील खंडोबाचा भंडारा पाहावा. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीस, चंपाषष्ठीच्या दिवशी, तो उधळला जातो. ही हळदच, परंतु लग्नात अंगाला लागणारी हळद आणि देवाची खूण म्हणून कपाळी भरला जाणारा भंडारा यांचा अर्थ एक नाही. पैठण येथे फाल्गुन वद्य षष्ठीस नाथषष्ठी साजरी होते. एकनाथमहाराजांनी शके १५२१ मध्ये याच तिथीस देह ठेवला. आदल्या दिवशी रंगपंचमी असते, आणि दुसऱ्या दिवशी वारकऱ्यांच्या कपाळी काळा बुक्का दिसतो. एरवी मंगलकार्यात वर्ज्य मानला जाणारा काळा रंग वारकऱ्यास भूषण वाटतो. संक्रांतीची काळी चंद्रकळा हा त्याच नियमाचा दुसरा अपवाद.

तांबड्या रंगाविषयी तर अधिकच सावध राहावयास हवे. सुवासिनीचे कुंकू तांबडे. आणि केशवपन केलेल्या विधवेस ज्या आलवणात आयुष्य कंठावे लागे, तेही तांबडेच. एकाच रंगाने एकीला हळदीकुंकवास बोलावले आणि दुसरीला घराच्या कोपऱ्यात बसविले. रंगाला स्वयंभू अर्थ असता, तर हे घडते ना. अर्थ ठरविला तो द्रव्याने, विधीने आणि अधिकाराने.

आता शास्त्रग्रंथांकडे वळू. देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्री याने तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘चतुर्वर्गचिंतामणि’ हा प्रचंड निबंधग्रंथ रचिला. त्याच्या व्रतखंडात तिथिव्रतांबरोबर वारव्रतांचाही संग्रह आहे. वार हा ग्रहाचा, आणि ग्रहाला वर्ण आहे, ही कल्पना त्याहून पुष्कळ जुनी. याज्ञवल्क्यस्मृतीच्या ग्रहशांतिप्रकरणात सूर्याची प्रतिमा तांब्याची, चंद्राची स्फटिकाची, मंगळाची रक्तचंदनाची, बुध व गुरू यांच्या सोन्याच्या, शुक्राची रुप्याची आणि शनीची लोखंडाची करावी असे सांगितले असून, वस्त्रे व फुले त्या त्या ग्रहाच्या वर्णाची द्यावीत असेही विधान आहे. येथेही वर्णाची जाण द्रव्याच्या द्वारे होते, हे ध्यानात घ्यावे.

या पार्श्वभूमीवर नवरात्रातील नऊ रंगांचा विचार केला पाहिजे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ‘महाराष्ट्र टाइम्स’ने ही प्रथा लोकप्रिय केली. आज कर्णपुऱ्याच्या यात्रेत, कचेऱ्यांत आणि शाळांत ती रूढ झालेली दिसते. हे रंग नवदुर्गांचे आहेत असे सांगितले जाते. परंतु देवीकवचात नवदुर्गांची नावे क्रमाने आली असली, तरी त्यांच्यासाठी नऊ वस्त्रवर्ण सांगितलेले नाहीत. शिवाय रंगांचा क्रम दरवर्षी बदलतो. २०२३ मध्ये घटस्थापना रविवारी होती. पहिला रंग नारिंगी होता. २०२४ मध्ये ती गुरुवारी आली. पहिला रंग पिवळा झाला. पहिल्या दिवसाची देवता मात्र दोन्ही वर्षी शैलपुत्रीच. आठवी देवता महागौरी, जिचे नावच गौरवर्ण सांगते. तिच्या वाट्यास २०२३ मध्ये जांभळा रंग आला. तेव्हा हा क्रम देवतेवरून नव्हे, वारावरून ठरतो, हे उघड आहे. सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, गुरुवारी पिवळा, हे ग्रहवर्णांशी जुळते. शनिवारचा करडाही लोखंडाशी जुळतो. बुधवारचा निळा आणि शुक्रवारचा हिरवा मात्र जुळत नाहीत. वार सात आणि दिवस नऊ असल्याने उरलेल्या दोन दिवसांसाठी जादा रंग योजावे लागतात.

यावरून ही प्रथा खोटी ठरते काय? तसे म्हणता येत नाही. दसऱ्याच्या तोरणातील झेंडू मूळचा मेक्सिकोचा. सोळाव्या शतकापूर्वी तो आपल्या देवघरात असणे शक्य नव्हते. आज त्यावाचून दसरा सुचत नाही. शिवाय घटाच्या माळा मोजणाऱ्या जुन्या नवरात्रात कुळाचार प्रधान होता, आणि हळदीकुंकवात सुवासिनीपणाची अट होती. नव्या रंगांना अशी अट नाही; विधवा, अविवाहिता, परजातीची सहकारिणी, सर्वजणी त्या दिवशी एकाच रंगाच्या वस्त्रात वावरू शकतात. हा बदल लहान नव्हे.

तथापि संशोधकाने या प्रथेचे महत्त्व मान्य करताना तिला खोटे प्राचीनत्व देऊ नये. वाररंगाचे तत्त्व प्राचीन, नऊ दिवसांची मांडणी अर्वाचीन, आणि नवदुर्गांशी लावलेला संबंध मागाहूनचा, हे तीन थर वेगळे करून दाखविणे हेच त्याचे काम आहे. घरोघरच्या वृद्ध स्त्रियांना त्यांच्या बालपणीच्या माळा, फुले आणि लुगडी आठवतात. जुनी पंचांगेही अजून हाती लागतात. ही साक्ष आजच नोंदविली नाही, तर पुढील पिढीला हे थर वेगळे करणे कठीण जाईल.