साचाखात्यातली गाणी

पाश्चात्त्य संगीतावर लिहिण्याचा अधिकार आम्हांला नाही, हे आधीच मान्य करून टाकतो. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. एक शहापूर तालुक्यातला, आसनगाव स्टेशनपासून चालत अर्ध्या तासावर वाढलेला. दुसरा मुरबाडचा, माळशेजच्या रस्त्यावर टोकावड्याच्या अलीकडचा. नात्याने आते-मामेभाऊ. स्वरलिपी आम्हांला वाचता येत नाही आणि ज्या गाण्यांविषयी येथे लिहायचे आहे त्यांची नावेसुद्धा ती ऐकू लागल्यावर जवळजवळ वीस वर्षांनी कळली. तरीही ऐंशीच्या दशकातल्या या इंग्रजी गाण्यांनी आमचे कान घडवले, भावगीतांनी घडवले असतील त्याहून थोडे अधिकच. एम.ए.च्या वर्गात हे आम्ही कुणाला सांगितले नाही. तिथे आवडती गाणी सांगायची झाली तर कोणती सांगायची, हे ठरलेले होते.

सगळे एका कॅसेटमधून आले. आमच्यापैकी एकाचा मामा तोच दुसऱ्याचा काका. येथे त्यांना मामाच म्हणू. मामा परळच्या बाजूच्या एका गिरणीत साचाखात्यात होते. 18 जानेवारी 1982 रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. मामा वर्षभराने मुरबाडला परतले. कोकण आणि घाटाइतकी नसली तरी आमच्या तालुक्यांतूनही माणसे गिरणीत गेली होती. तानसा आणि भातसाचे पाणी जसे इथून मुंबईला जाते तशीच तीही गेली. परत येण्याची सोय मात्र कुणी केलेली नव्हती. मामांनी पुढे मजुरी केली, थोडी शेती केली, आणि चार पैसे हाती आल्यावर एक जुना टेप घेतला. 1988च्या सुमारास कल्याणला स्टेशनबाहेरच्या एका दुकानात त्यांनी एक साठ मिनिटांची कॅसेट भरून घेतली. त्यांनी मागितली होती ती 'डिस्को डान्सर' आणि 'गंमत जंमत'ची गाणी. ती एका बाजूला मावली. दुसरी बाजू कोरी ठेवणे दुकानदाराला पटले नसावे. त्याने हाताशी असलेली इंग्रजी गाणी तिथे भरून दिली. पुठ्ठ्यावर त्या बाजूला एकच शब्द लिहिला होता, 'इंग्लिश'.

पहिल्या बाजूबद्दल आधी थोडे. 'गंमत जंमत' 1987चा. त्यातले 'अश्विनी ये ना' अरुण पौडवाल यांनी किशोरकुमार आणि अनुराधा पौडवाल यांच्याकडून गाऊन घेतले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात किशोरकुमार गेले. मराठी चित्रपटगीत नव्या वाद्यमेळाला कसे सामोरे गेले, याचा अभ्यास करायचा तर हे गाणे टाळता येणार नाही. 'डिस्को डान्सर' डिसेंबर 1982चा. बप्पी लाहिरी आणि उषा उथुप यांचे त्यातले 'कोई यहाँ नाचे नाचे' हे बगल्स या इंग्रजी जोडीच्या 1979 सालच्या 'व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार'वर उभे आहे, ही गोष्ट आज सर्वश्रुत आहे. आम्ही मात्र मूळ गाणे पुष्कळ नंतर ऐकले आणि प्रथम ऐकताना तेच आम्हांला नक्कल वाटले. प्रभाव-अभ्यासाच्या तासाला हा अनुभव विद्यार्थ्यांना सांगायला हरकत नसावी. आधी कोण आणि नंतर कोण, हे कालक्रम ठरवतो. कान निराळे ठरवतो.

दुसऱ्या बाजूच्या गाण्यांना नावे नव्हती, म्हणून ती आम्हीच दिली. एक 'टिंगटिंगचे', एक 'भांडणाचे', एक 'विमानाचे', एक 'सेल उतरलेले'. पहिले आणि सर्वांत लांबलचक होते त्याला नाव मामांनी दिले.

ते गाणे सुरू होते ते नुसत्या ठोक्यांनी. आधी मोजके, मग अचानक इतके भरभर की मोजता येऊ नयेत. मामा पडवीत चहा पीत होते. त्यांनी पेला खाली ठेवला, थोडा वेळ ऐकले आणि म्हणाले, "साचा लागलाय." पुन्हा थोडे ऐकून म्हणाले, "पण धागा गेला की साचा थांबतो. ह्यो थांबत नाय. ह्याच्यावर माणूस नाय." गिरणीतला साचा म्हणजे माग, धागा तुटला की तो थांबवायचा, गाठ मारायची, पुन्हा लावायचा. वीस-बावीस वर्षे ज्याने हेच केले त्याचे हे निरीक्षण होते. आम्ही दहा-अकरा वर्षांचे होतो. आम्हांला ते गाणे नाचायला चांगले वाटत होते, एवढेच.

ते गाणे न्यू ऑर्डर या चमूचे 'ब्लू मंडे' होते, मार्च 1983चे. त्यातला ठेका खरोखरच माणसाने वाजवलेला नाही. तो ओबरहाइम डीएमएक्स नावाच्या तालयंत्राचा आहे आणि खालचा फिरता सूर ज्या यंत्रावर रचला ते बर्नार्ड समनरने सुटे भाग आणून स्वतः जोडलेले होते. समनर आणि पीटर हुक हे सॅलफर्डचे, म्हणजे मँचेस्टरला लागून असलेल्या जुन्या गिरणगावचे. इथे इतिहासाचा एक धागा आमच्या हाती आला आणि आम्ही चकित झालो. मुंबईत कावसजी दावर यांची पहिली कापडगिरणी 1850च्या दशकात उभी राहिली ती लँकेशायरच्या यंत्रांवर. पुढेही ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्ससारख्या कंपन्यांची यंत्रे मुंबईच्या गिरण्यांत धडधडत राहिली. ज्या प्रदेशाने साचे पाठवले त्या प्रदेशातल्या गिरण्या मुंबईच्या आधीच बंद पडत गेल्या होत्या. तिथल्या मुलांच्या पिढीला कारखान्याचा आवाज वारशाने मिळाला, कारखाना मिळाला नाही. मामांनी तो आवाज ओळखला यात चमत्कार काही नाही. आवाज ओळखीचाच होता. अमुक गिरणीवर अमुक गाणे रचले गेले, असा दावा आम्ही करणार नाही. पण ज्या कानांनी ते रचले आणि ज्या कानांनी मुरबाडात ऐकले, त्यांचे नाते मोटारीच्या जाहिरातीतल्या इंग्रजी गाण्यांपेक्षा जवळचे होते, हे निश्चित.

या गाण्यांना समीक्षक 'पोस्ट-पंक' आणि 'सिंथ-पॉप' अशी नावे देतात. मराठीच्या विद्यार्थ्याला ती समजावून सांगायला फार कष्ट पडू नयेत. 1976-77च्या सुमारास इंग्लंडात पंकचे वादळ उठले, त्याचे म्हणणे इतकेच होते की नीट वाजवता येत नसले तरी वाजवा, परवानगीची वाट पाहू नका. आमच्याकडे सायक्लोस्टाइल केलेल्या लघुनियतकालिकांनी त्याच्या कितीतरी आधी हेच म्हटले होते. वादळ ओसरल्यावर त्याच मुलांनी गिटार बाजूला ठेवून नव्याने स्वस्त झालेले सिंथेसायझर उचलले. शेफील्डच्या ह्यूमन लीगचा गायक फिलिप ओकी रुग्णालयात हमाल होता. त्यांचे 1981चे 'डोन्ट यू वाँट मी' हेच आमचे 'भांडणाचे'. पुरुष आपण तिला कसे घडवले ते सांगतो आणि मग ती तिची बाजू मांडते. शब्द एकही कळत नसताना हा सवाल-जवाब आहे हे आम्ही ओळखले होते. यात्रेत तमाशा पाहिलेल्या मुलांना ते न कळले तरच नवल. 'टिंगटिंगचे' म्हणजे सॉफ्ट सेलचे 'टेन्टेड लव्ह', तेही 1981चे, आणि तेही मुळात दुसऱ्याचे. साठच्या दशकात ग्लोरिया जोन्सने ते गायले होते. त्याबद्दल अधिक सांगण्यासारखे आमच्यापाशी नाही. ते फक्त आवडते.

'सेल उतरलेले' या गाण्याची हकिगत वेगळी आहे. आमच्याकडे वीज जायची, मग टेप सेलवर चालायचा. सेल उन्हात ठेवून पुन्हा वापरायचे आणि ते उतरले की गाणे रेंगाळायचे, गाणारा खर्जात जायचा. हे एक गाणे नव्या सेलवरही खर्जातच लागे. सेल उतरले समजून आम्ही ते कितीदा तरी बंद केले. ते जॉय डिव्हिजनचे 'लव्ह विल टेअर अस अपार्ट'. गायक इयन कर्टिस, वय वर्षे 23. 18 मे 1980 रोजी त्याने मॅकल्सफील्डच्या घरी आत्महत्या केली आणि गाणे पुढच्या महिन्यात बाहेर आले. त्याची नोकरी होती रोजगार केंद्रात, अपंग माणसांना काम शोधून देण्याची. उरलेल्या तिघांनी गिलियन गिल्बर्टला सोबत घेऊन न्यू ऑर्डर हे नाव धारण केले. म्हणजे आमच्या कॅसेटच्या एकाच बाजूवर, आरंभी आणि अखेरीस, एकच घर होते: आधी मागे राहिलेल्यांचे गाणे, शेवटी गेलेल्याचे. दुकानदाराला हे ठाऊक असण्याचे कारण नाही.

आणि 'विमानाचे'. हे नाव आम्ही का दिले ते आता आठवत नाही. त्यातला कळीचा सूर झेप घेतल्यासारखा वर जातो म्हणून दिले असावे. पण नाव अचूक निघाले, भीती वाटावी इतके अचूक. ऑर्केस्ट्रल मनुव्हर्स इन द डार्क या लांबलचक नावाच्या चमूचे ते 1980चे गाणे, 'इनोला गे'. 6 ऑगस्ट 1945 रोजी हिरोशिमावर बाँब टाकणाऱ्या विमानाचे हे नाव, आणि विमानाला ते वैमानिक पॉल टिबेट्सच्या आईवरून दिलेले होते. 1990च्या आसपास आमच्याकडच्या बेंजो पार्टीत कॅसिओ आला (आमच्या भागात पेट्यांसारखे दिसणारे प्रत्येक विजेचे वाद्य कॅसिओच), तेव्हा तो वाजवणाऱ्याने आमच्याच कॅसेटवरून हा सूर उचलला. सोपा होता, शब्दांची गरज नव्हती. त्यानंतर कित्येक हळदींत, वरातींत, विसर्जनाला तो वाजला. आम्ही त्यावर मनसोक्त नाचलो आहोत. तो सूर हिरोशिमाचा आहे हे कळले तेव्हा आम्ही अध्यापक झालो होतो आणि वर्गात युद्धोत्तर साहित्य शिकवत होतो. त्या दिवशी तास संपल्यावर आम्ही एकमेकांना दूरध्वनी केला. पण काय बोलावे ते सुचले नाही.

1982 या सालापाशी आम्ही पुनःपुन्हा येतो. त्या वर्षी संप सुरू झाला. त्याच वर्षी 'सत्यकथा' बंद पडले, दूरदर्शन रंगीत झाले, 'डिस्को डान्सर' आला. आणि त्याच वर्षी मुंबईत चरणजीत सिंग या चित्रपटसृष्टीतल्या वादकाने रोलँडच्या तीन यंत्रांवर दहा राग वाजवून एक ध्वनिमुद्रिका काढली, 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट'. तिच्याकडे फारसे कुणी फिरकले नाही. 2010 मध्ये ती नेदरलँड्समधून पुन्हा प्रकाशित झाल्यावर पाश्चात्त्य रसिकांना आढळले की शिकागोत 1987 साली जे नवे म्हणून गाजले ते इथे भैरवात आधीच वाजून गेले होते. चरणजीत सिंग 2015 मध्ये वारले. मराठी वाङ्मयेतिहासात 1982ची नोंद 'सत्यकथा'च्या अस्ताची असते, आणि ती योग्यच आहे. परंतु त्या वर्षी आणखी काय काय थांबले आणि काय वाजू लागले, याची नोंद कुठल्या खात्यात करायची?

कारण या यंत्रांनी काही बंदही पाडले, आणि ते आम्हांला टाळून चालणार नाही. ठाणे-रायगडच्या आगरी, कुणबी घरांत लग्नाचे धवळे म्हणणारी धवलारीण असे. मांडवापासून पाठवणीपर्यंतचे विधी तिच्या आवाजाने चालत. तेराव्या शतकातल्या महदंबेचे 'धवळे' आम्ही दरवर्षी पहिल्या सत्रात शिकवतो. आद्य मराठी कवयित्री म्हणून तिचा गौरव करतो. धवळा हा लग्नप्रसंगीचा गीतप्रकार, अशी व्याख्या मुले वहीत उतरवून घेतात. आमच्या बहिणींच्या लग्नात मात्र धवलारीण ओसरीच्या कोपऱ्यात बसून गात होती आणि अंगणात कॅसिओ इतका मोठा होता की पाट्यावर बसलेल्या नवरीलाही ती ऐकू येत नव्हती. कॅसिओवर कोणता सूर होता, ते वर सांगितलेच आहे. तो बंद करा, असे आमच्यापैकी कुणी म्हटले नाही. आम्ही अंगणात होतो.

मामा गेले त्याला आता काही वर्षे झाली. मागच्या उन्हाळ्यात त्यांच्या खोलीतल्या पत्र्याच्या डब्यात ती कॅसेट सापडली. वरच्या कडेची खाच तुटलेली, म्हणजे तिच्यावर पुन्हा काही भरता येऊ नये अशी. पण त्या खाचेवर कागद चिकटवलेला होता. आम्ही ठाण्याहून एक टेप मागवून दुसरी बाजू लावली. 'ब्लू मंडे' पूर्ण आहे. 'टेन्टेड लव्ह' पूर्ण आहे. 'इनोला गे' अर्ध्यावर येते आणि खट् आवाज होऊन तुटते. मग लांबून कॅसिओ, जनरेटरची घरघर, भांडी, एक रडणारे मूल, आणि अगदी जवळ मामांचा आवाज, "गप रं जरा." त्यानंतर धवलारीण. आवाज थकलेला आहे, श्वास मध्ये मध्ये तुटतो, ती थांबते, कुणी पाणी देते, पुन्हा जिथून सोडले तिथूनच उचलते. सहा मिनिटे. 'डोन्ट यू वाँट मी' तिच्याखाली पुरते पुसले गेले आहे.

धवळा संपत नाही. विधी संपण्याआधी मामांनी टेप बंद केला, की सेल संपले, कळायला मार्ग नाही. पुन्हा खट्, आणि जॉय डिव्हिजनचे गाणे मधूनच सुरू होते, खर्जात. टेप विजेवर चालू होता.