शुक्रजंतू की शुक्रपेशी?

नोव्हेंबर 1677 मध्ये डेल्फ्ट येथील लेवेनहुक याने रेतात दिसलेल्या चपळ सूक्ष्म प्राण्यांविषयी लंडनच्या रॉयल सोसायटीस पत्र लिहिले. या संदर्भात 1679 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या आकृत्या ससा व कुत्रा या प्राण्यांच्या रेतावरून काढलेल्या आहेत. डोके दिसले, शेपूट दिसले, हालचाल दिसली. तेव्हा तो प्राणीच ठरला. पुढील दीडशे वर्षांचा घोटाळा या निष्कर्षात बीजरूपाने आहे.

स्पालान्झानीने 1780 च्या सुमारास कुत्र्याचे रेत कुत्रीच्या गर्भाशयात सोडले व 62 दिवसांनी तीन पिल्ले मिळविली. तरी गर्भधारणेचे श्रेय त्याने या 'प्राण्यां'ना दिले नाही. 1827 मध्ये फॉन बेअरने 'स्पर्माटोझोआ' ही संज्ञा घडविली. तीतील ग्रीक 'झोऑन' म्हणजे प्राणी. बेअरच्या मते हे जीव रेतात राहणारे परोपजीवी होते. (कुत्रीच्या बीजकोशात सस्तन प्राण्याचे अंड प्रथम पाहणारा संशोधकही हाच, आणि तेही त्याच वर्षी!) नाव प्राण्याचे असल्यावर अवयवांचा शोध सुरू व्हावा हे ओघानेच आले. 1839 मध्ये व्हालेंटीनने अस्वलाच्या शुक्रजंतूत आंतरिक अवयव पाहिल्याचे लिहिले. दोनच वर्षांनी क्योलिकरने हे घटक वृषणातील पेशींपासून उत्पन्न होतात असे दाखविले आणि 1865 मध्ये श्वाइगर-झाइडेल व ला व्हालेट सेंट जॉर्ज यांनी केंद्रक व पेशीद्रव्य असलेली ती संपूर्ण पेशीच आहे हे सिद्ध केले. संज्ञा मात्र बदलली नाही.

ही पेशी विलक्षण काटकसरीची आहे. वळूच्या शुक्रपेशीचे शीर्ष चपटे, सुमारे 9 मायक्रॉन लांब असते. त्यात घट्ट आवळलेले केंद्रक आणि त्यावर अ‍ॅक्रोसोमची टोपी, एवढेच. अंडावरणातून वाट काढण्यास लागणारी विकरे या टोपीत असतात. मागील मध्यभागात तंतुकणिका मळसूत्राप्रमाणे गुंडाळलेल्या असतात. 'मायटोकाँड्रिया' हे त्यांचे नावही बेंडाने 1898 मध्ये शुक्रपेशींच्या निर्मितीचा अभ्यास करतानाच दिले. पुच्छ अनेक सूक्ष्म तंतूंचे असल्याचे बालोव्हिट्झने 1888 मध्ये साध्या सूक्ष्मदर्शकातून ओळखले होते. ग्रिग व हॉज यांनी 1949 मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कोंबड्याच्या पुच्छात 11 तंतू मोजले. ते परिघावर 9 व मध्ये 2 असे असतात. सस्तन प्राण्यांत याबाहेर आणखी 9 जाड तंतू आढळतात. घोड्याच्या शुक्रपेशीत पुच्छ शीर्षाच्या मध्यावर न जुळता किंचित एका बाजूस जुळते. त्या जातीत हे व्यंग नव्हे.

मराठीत 'शुक्रजंतू' हा 'स्पर्माटोझोआ'चा शब्दशः प्रतिरूप आहे व मुळातील चूकही त्यात उतरली आहे. 'शुक्राणू'ने प्राणी टाळला, पण पेशीही गमावली. 'शुक्रपेशी' हीच शास्त्रशुद्ध संज्ञा होय. तथापि तिचा आग्रह धरणारेही शीर्ष, ग्रीवा, पुच्छ हे शब्द निःशंकपणे वापरतात. हाकलून दिलेला प्राणी अवयवांच्या नावांत तसाच राहिला आहे. कोंबड्याच्या शुक्रपेशीत त्याची अडचण स्पष्ट दिसते. तिचे 'शीर्ष' किंचित वाकलेल्या दोऱ्यासारखे, जेमतेम अर्धा मायक्रॉन जाड असते आणि ते कोठे संपून पुच्छ कोठे सुरू होते हे साध्या सूक्ष्मदर्शकाखाली चटकन सांगता येत नाही.