सिकलसेल, भ्रूणपेशी आणि नैतिकतेचा पेच

कागद कारखाना आणि कोळसा खाणींचे गाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बल्लारपूरच्या परिसरात, तसेच पलीकडच्या गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात, ‘सिकलसेल’ हा शब्द लोकांना नवा नाही. मध्य भारतात हा दोष आढळतो, हे नागपूरच्या डॉ. शुक्ल व डॉ. सोळंकी यांनी १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. पूर्व विदर्भात आदिवासींबरोबरच अनुसूचित जाती व इतर मागासवर्गांतील काही समाजांतही तो आहे. हिमोग्लोबिनच्या जनुकातील अवघे एक अक्षर बदलते आणि तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन रक्तवाहिन्यांत अडकतात. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात बाळ सिकलसेलग्रस्त असण्याची शक्यता २५ टक्के असते.

मानवी क्लोनिंगच्या वादाशी या आजाराचा संबंध निकटचा आहे. जुळणाऱ्या भावंडाचा अस्थिमज्जा रोपणासाठी मिळाल्यास रुग्ण बरा होऊ शकतो. परंतु असे भावंड बहुतेकांना नसते. रुग्णाच्याच पेशींपासून नवे रक्त तयार करावे, ही कल्पना त्यातून पुढे आली. उपचारात्मक क्लोनिंगमध्ये स्त्रीबीजातील केंद्रक काढून तेथे रुग्णाच्या पेशीचे केंद्रक ठेवतात. सुमारे पाच दिवसांनी तयार होणाऱ्या भ्रूणातून मूळपेशी घेतल्या जातात, आणि त्यात तो भ्रूण नष्ट होतो. हा भ्रूण म्हणजे माणूस की पेशींचा पुंजका, हा वादाचा पहिला मुद्दा. ब्रिटनमधील वॉरनॉक समितीने १९८४ मध्ये १४ दिवसांची मर्यादा सुचवून मधला मार्ग काढला. भारतानेही मार्गदर्शक सूत्रांत तीच मर्यादा स्वीकारली.

२००१ मध्ये अमेरिकेने सरकारी निधीस पात्र भ्रूणपेशीमालिकांची यादी जाहीर केली. त्यातील सात मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसच्या आणि तीन बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राच्या होत्या. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांची मूळपेशी संशोधनावरील मार्गदर्शक सूत्रे मात्र २००७ मध्ये आली. कायद्याआधी प्रयोगशाळा पुढे गेल्याचा हा ठळक दाखला. या सूत्रांनी मूल जन्माला घालण्यासाठीच्या क्लोनिंगवर बंदी घातली, तर संशोधनासाठी क्लोनिंगने भ्रूण निर्माण करणे हे विशेष परवानगीच्या वर्गात ठेवले. २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांत सर्व प्रकारच्या मानवी क्लोनिंगविरुद्धचा जाहीरनामा ८४ विरुद्ध ३४ मतांनी संमत झाला, तेव्हा भारताने विरोधात मत दिले, ते याच भेदामुळे.

भ्रूणाच्या दर्जावर भरपूर लिहिले गेले; स्त्रीबीज देणाऱ्या बाईविषयी त्या मानाने कमीच. दक्षिण कोरियाच्या ह्वांग वू-सुक यांनी क्लोन केलेल्या भ्रूणातून पेशी मिळवल्याचा दावा २००४ व २००५ मध्ये केला. तो बनावट ठरून २००६ मध्ये त्यांचे निबंध मागे घेण्यात आले. दरम्यान दोन हजारांहून अधिक स्त्रीबीजे वापरली गेली होती. काही बाया पैसे घेऊन आल्या होत्या, काही त्यांच्याच प्रयोगशाळेतील कनिष्ठ संशोधिका होत्या. अंडाशय उद्दीपित करणारी इंजेक्शने व त्यांचे धोके सोसूनही या बायांच्या हाती काही पडले नाही. अस्सल यश २०१३ मध्ये अमेरिकेतील ओरेगॉन येथे शूख्रात मितालिपोव्ह यांच्या गटाला मिळाले.

तोवर शास्त्राने दुसरी वाट धरली होती. जपानचे शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या साध्या पेशी भ्रूणाविनाच मूळपेशींसारख्या करून दाखवल्या. २००७ मध्येच अमेरिकेतील व्हाइटहेड इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी या पद्धतीने उंदरांवर पहिला उपचार केला, आणि तो आजार होता सिकलसेल!

भ्रूणाचा प्रश्न तरीही मिटलेला नाही. २०२१ च्या साहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार भ्रूण दहा वर्षांपर्यंतच साठवता येतो. पुढे तो नष्ट होऊ द्यायचा किंवा जोडप्याच्या संमतीने नोंदणीकृत संशोधन संस्थेला द्यायचा. स्त्रीबीज देणारी बाई ते आयुष्यात एकदाच देऊ शकते, आणि तीही सातच. दोघेही वाहक असलेल्या जोडप्याला भ्रूण तपासून निवडण्याची मुभा आहे. गर्भलिंगनिदानविरोधी कायदा हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजारांसाठी असे निदान मान्य करतो. मात्र टेस्ट ट्यूब बेबीचा खर्च खाणकामगाराच्या आवाक्याबाहेरचा असतो. संमतिपत्राची भाषाही पुष्कळदा माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्याच्या ओळखीची नसते.

या ठिकाणी गडचिरोलीचाच एक अनुभव आठवतो. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी आपल्या कामाच्या आरंभी तेथे सिकलसेलचा अभ्यास केला. लोकांच्या गरजांत हा आजार वरच्या स्थानी नव्हता, हे त्यांनी पुढे प्रांजळपणे सांगितले. संशोधकाला जे महत्त्वाचे वाटते, ते गावालाही वाटतेच असे नाही.

सिकलसेलवरील जनुकसंपादनाच्या कॅसजेव्ही या पहिल्या उपचाराला ब्रिटन व अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली. अमेरिकेतील त्याची किंमत २२ लाख डॉलर! भारतात दिल्लीच्या ‘आयजीआयबी’ने विकसित केलेल्या उपचाराला बिरसा मुंडा यांचे नाव देण्यात आले असून त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवण्यात आले आहे. २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेचे काम मात्र रक्ततपासणी, नोंद आणि विवाहपूर्व समुपदेशन असे साधे आहे. बल्लारपूरच्या रुग्णासाठी हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या वेळेवर मिळणे, हाच आजचा पहिला उपचार आहे.