ऑल अबाउट लिली शू-शू

(मूळ शीर्षक : रिरी शुशु नो सुबेते). जपानी चित्रपट. लांबी 146 मिनिटे. जपानमधील प्रदर्शन 6 ऑक्टोबर 2001. लेखन व दिग्दर्शन : शुन्जी इवाई, छायालेखन : नोबोरू शिनोदा, संगीत : ताकेशी कोबायाशी. भूमिका : हायातो इचिहारा, शूगो ओशिनारी, आयुमी इतो, यू आओई (पहिला चित्रपट).

कथानक : युइची हासुमी हा अबोल शाळकरी मुलगा. लिली शू-शू या गायिकेचा तो भक्त असून ‘फिलिया’ या टोपणनावाने तिच्या चाहत्यांचे संकेतस्थळ चालवतो. त्याचा वर्गमित्र शुसुके होशिनो हुशार व सभ्य. ओकिनावाच्या सुट्टीत तो बुडता बुडता वाचतो आणि परतल्यावर वर्गाचा गुंड होऊन बसतो. शिओरी त्सुदाला तो धाक घालून देहविक्रयास लावतो. पियानो वाजवणाऱ्या योको कुनोवर अत्याचार घडवून आणतो. युइची या सगळ्याचा बळी आहे आणि निमूट हस्तकही. संकेतस्थळावर मात्र त्याला ‘निळी मांजर’ या नावाचा एक समदुःखी भेटतो. तोक्योतील मैफलीच्या वेळी ओळख पटण्यासाठी हिरवे सफरचंद ही खूण ठरते. ते सफरचंद होशिनोच्या हातून युइचीकडे येते. होशिनो युइचीचे तिकीट फेकून देतो आणि बाहेरच्या पडद्यावर लिलीला पाहण्याखेरीज युइचीच्या हाती काही उरत नाही. पुढे गर्दीत युइची होशिनोला भोसकतो. घटना कालक्रमाने येत नाहीत. मैत्रीच्या दिवसांआधीच छळ दिसत असल्याने पहिल्या अर्ध्या तासात कोण कोणाचे, हे उमगणे अवघड जाते.

पूर्वरूप : इवाई यांनी 2000 मध्ये ही कथा प्रथम महाजालावर कादंबरी म्हणून चालवली. काल्पनिक चाहत्यांच्या संदेशफलकाचे रूप तिला दिले होते आणि त्यावर वाचकही लिहू शकत. फे वाँग या गायिकेच्या मैफलीतून कल्पना सुचली, असे सांगितले जाते. चित्रपटात हे संदेश काळ्या पडद्यावर अक्षरे होऊन उमटतात, सोबतीला कळफलकाची टकटक. लिलीचा जन्म 8 डिसेंबर 1980 रोजी, जॉन लेननवर गोळ्या झाडल्या गेल्या त्याच क्षणी झाला, ही दंतकथाही या चाहत्यांचीच. तिच्या गाण्यात ‘ईथर’ असते, ही त्यांची श्रद्धा.

छायालेखन : या चित्रपटाचे खरे महत्त्व येथे आहे. सोनीच्या एचडीडब्ल्यू-एफ900 या सेकंदाला 24 चौकटी टिपणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्यावर चित्रित झालेल्या पहिल्यावहिल्या जपानी कथापटांत त्याची गणना होते. याच कॅमेऱ्यावर जॉर्ज लुकस यांनी ‘स्टार वॉर्स’चा 2002 मधील भाग चित्रित केला, पण तेथे तो संगणकनिर्मित दृश्यांच्या सोयीसाठी होता. शिनोदांनी तो तोचिगी प्रांतातील आशिकागा परिसरात, भाताच्या शेतात नेला. कमरेइतक्या हिरव्या पिकात एकटा उभा गणवेशातला मुलगा, कानांत सीडी-प्लेअरचे हेडफोन. प्रकाश इतका सढळ सोडलेला की आभाळ पांढुरके होऊन जाते आणि हिरवा रंग जवळजवळ खोटा वाटू लागतो. निर्जनता दाखवायला अंधार लागतो, हा समज या चौकटींनी मोडीत काढला. ओकिनावाचा भाग याच्या अगदी उलट : पात्रांच्याच हातातल्या घरगुती व्हिडिओ कॅमेऱ्यांनी टिपलेला, हलता, भरकटणारा. तो लांबला, ही तक्रार अनेकांची. पुढच्या क्रौर्याआधी ही मुले एकमेकांकडे नुसती मजेने पाहत होती, याचा पुरावा मात्र त्याच चित्रफितीत आहे.

संगीत : लिली पडद्यावर जवळपास दिसतच नाही. तिचा आवाज साल्यू या गायिकेचा. ‘कोक्यू’ हा संग्रह 2001 मध्ये लिलीच्याच नावाने निघाला. साल्यूचे स्वतःच्या नावाने पदार्पण 2004 चे. काल्पनिक कलावंताच्या नावाने खरी ध्वनिमुद्रिका काढण्याचा प्रयोग इवाई-कोबायाशी जोडीने ‘स्वॅलोटेल बटरफ्लाय’च्या (1996) वेळीही केला होता. दुसरा धागा क्लोद दब्यूसीच्या पियानोरचनांचा, त्यांत पहिली ‘अराबेस्क’ ठळक. ‘कोक्यू’मधील एक गाणे पुढे क्वेंटिन टॅरंटिनो यांनी ‘किल बिल’च्या पहिल्या भागात (2003) वापरले.

सामाजिक संदर्भ : चित्रपटातील शाळकरी मुलांच्या क्रौर्याला तत्कालीन जपानची पार्श्वभूमी आहे. तेथील 1997 च्या कोबे हत्याकांडातील आरोपी 14 वर्षांचा होता. फौजदारी शिक्षेचे किमान वय 16 वरून 14 वर आणणारी कायद्यातील दुरुस्ती चित्रपटाच्याच वर्षी, 2001 मध्ये, अमलात आली.

स्वागत : बर्लिन महोत्सवाच्या पॅनोरमा विभागात (2002) सीआयसीएई पुरस्कार, त्याच वर्षी शांघाय येथे परीक्षकांचे विशेष पारितोषिक. छळ इतका देखणा दाखवावा का, याबद्दल समीक्षकांत मतभेद आहेत.

शिनोदा 2004 मध्ये निवर्तले. इवाईंसोबतचा त्यांचा शेवटचा चित्रपट ‘हाना अँड अ‍ॅलिस’ (2004). त्यात यू आओई प्रमुख भूमिकेत आहे.